मिसरीच्या मुलखातला दवाखाना

"बाई, इतकी वर्षं नर्सची नोकरी केलीत, काय काय पाहिलंत?" असं कुणी विचारलं की मला बाळंतपणं आधी आठवत नाहीत. तंबाखू आठवते! ऐन लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, वर्षांत मी वडूजच्या दवाखान्यात रुजू झाले. तिथला तंबाखूचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

आमचे डॉक्टर तिशीचे, अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. मिरजेला शिकताना त्यांनी जबडा सडलेले पेशंट पाहिले होते. "एकूण एक तंबाखूवाला!" असं सांगायचे. गावोगाव देवी टोचायला गेलो की टोचून झाल्यावर त्यांचं तंबाखूवर भाषण ठरलेलं. वरून कुणाचा हुकूम नव्हता. त्यांचं त्यांनीच हे मागे लावून घेतलं होतं.

*

माझा दुसराच दिवस. एक बाई दोन महिन्यांचं पोर घेऊन आली. "लय गुणाचं हाय, रडतच न्हाई. पण कालधरनं दूध बी मागंना."

पोर चिंधीसारखं लोळत होतं. डॉक्टरांनी त्याच्या तोंडातून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट बाहेर आलं! मिसरी. म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. बायका ती दातांना लावतात, ते मला ठाऊक होतं. पण ज्याला अजून दातच नाहीत त्याला?

पोर वाचलं, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव थाऱ्यावर राहील.

"हे कुणी लावलं?"

"मीच की. रानात कामाला जायाचं असतंय. झोपावं म्हणून चिमूटभर लावती."

"मारायचंय का त्याला?" डॉक्टर ओरडले.

बाई उलट त्यांनाच समजावायला लागली. "आवं, थोरल्याला बी लावलीती. काय झालं त्याला? चांगला चार वर्सांचा हाय."

"कुठाय तो थोरला?"

"भाईर बसलाय. मिसरी लावतोय."

*

मग डॉक्टरांनी दारावर पाटी लावली : 'तंबाखू, विडी, मिसरी बाहेर ठेवून आत यावे.' सामान सांभाळायला आमचा शिपाई तात्या.

पाटी लागली ती नेमकी बाजारच्या दिवशी. तात्यापुढे चंच्यांचा, म्हणजे तंबाखूच्या कापडी पिशव्यांचा, ढीग लागला. दुपारी बघते तर तात्या ओट्यावर आडवा! घामाने डबडबलेला, भडाभडा ओकतोय. मला वाटलं, पटकी, कॉलराच! बाजारचा दिवस आणि पटकी! मी धावत डॉक्टरांना बोलावलं.

नाडी बघता बघता डॉक्टरांनी त्याचं तोंड हुंगलं. "तात्या, काय खाल्लंस?"

"साहेब, चंच्या एकात एक मिसळल्या. मान्सं भांडाय लागली. एक म्हनं माजी कडक, दुसरा म्हनं माजी चुन्याची. मग चव घेऊन ज्याची त्याला दिली."

"अरे, पण तू तर तंबाखू खात नाहीस!"

"म्हणून तर लागली, साहेब!"

*

आमच्या पलीकडच्या एका गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. तिथे डॉक्टरांचं भाषण रंगात आलेलं. एवढ्यात रजेवर आलेला एक हवालदार उठला. अंगात युनिफॉर्म, पायात बूट.

"साहेब, आमाला सरकार रेशनसंगं सिगरेट देतंय. सरकार काय आमाला इख देईल व्हय?"

लढाईचे दिवस, समोर पोलीसपाटील बसलेले. उलटसुलट शब्द गेला की संपलंच! सगळं गाव डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायला लागलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हवालदार, सरकार तुम्हाला काडतुसंही देतं. ती तोंडात घालता का?"

हवालदार तरातरा पुढे आला. आता हा मारतोय, असं वाटून मी मागे सरले. त्याने खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, टाच आपटली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"काडतूस जमा, साहेब!"

*

त्याच जोरावर पुढच्या शिमग्याला एका गावाने ठरवलं, सगळी तंबाखू होळीत टाकायची. पुरुषांनी खरंच टाकली. गठ्ठेच्या गठ्ठे! धुराने सगळं गाव खोकत होतं आणि डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. "बाई, आज काहीतरी झालं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावाचे आभार मानावे म्हणून आम्ही परत गेलो. होळीभोवती ही बायकांची गर्दी! कुणाच्या हातात सूप, कुणाच्या हातात चाळण. विझलेल्या ढिगातून काळा चुरा वेचून वेचून भरून घेत होत्या.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

एक म्हातारी तोंडभरून हसली. "मिसरी गोळा करतोय की! तव्यावर भाजताना ठसक्यानं जीव जातोय बगा. साऱ्या गावाची येकदम भाजून दिलीत, देव तुमचं भलं करो!"

*

आणि हौसाबाई.

डॉक्टरांनी सांगलीहून मॅजिक लँटर्न आणला होता. काचेवरची चित्रं, मागे दिवा. दिवेलागणीला देवळासमोर पांढरं धोतर ताणलं आणि त्यावर चित्रं पडायला लागली. पोरं टाळ्या पिटत होती. मग आतून फुटलेल्या गालाचं चित्र आलं आणि टाळ्या थांबल्या.

मागून एक बाई उठून उभी राहिली. "हे तर आमच्या मालकांचं तोंड!"

ती हौसाबाई. नवरा मेंढरं राखायचा. चार महिने तोंडाला फडकं गुंडाळून होता, दाढ दुखते म्हणून सांगायचा. दुसऱ्याच दिवशी त्याला कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, मिरजेला नेलं. पण वेळ निघून गेली होती. परत घरी आणला. दर तीन दिवसांनी मी ड्रेसिंगला जायची. हौसाबाई हातात वाडगं धरून बसायची, तोंडाला पदर लावून. वासामुळे लावत असेल, असं मला वाटायचं. दोन महिन्यांनी तो गेला.

दिवसकार्य उरकून हौसाबाई दवाखान्यात आली. ड्रेसिंगचं वाडगं आमचं होतं. घासून लख्ख केलेलं ते तिने माझ्या हातात दिलं. आता जाईल, असं वाटलं. तर ती डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसली आणि पदर बाजूला केला.

डॉक्टरांनी टॉर्च धरला. मीही वाकून बघितलं. डावा गाल, आतून. तसाच.

"कधीपासून?"

"त्यांच्या आधीपासनं."

"मग बोलली का नाहीस?" डॉक्टर जवळजवळ किंचाळले.

"आदी त्यांचं आटपू दे म्हटलं. येका घरात दोन दुखणी कुणी बघायची?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दोन महिने मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसत होते.

"बाईस्नी बोलू नगा," हौसाबाई म्हणाली. "त्या आल्या की मी पदर गच्च धरायची."

मग तिने माझा हात हातात घेतला.

"तुमचा हात लय हलका हाय, बाई. त्यांचं केलं तसंच माजं करा."