कोरड्या तोंडाची चाचणी

प्रज्ञेश ओव्हाळ पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण पर्वती पायथ्याला त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नसे. ते ज्यूदोवाले ओव्हाळ. तरुणपणी राज्य स्पर्धेत खेळले ते दर वेळी खालच्या वजनगटात, कारण वजन उतरवणं ही त्यांची खरी विद्या. आदल्या दुपारपासून पाणी बंद. अंगात दोन स्वेटर घालून पळायचं, लवंग चघळत थुंकत राहायचं. सकाळी काट्यावर वजन झालं की मग तांब्या तोंडाला. संध्याकाळी मैदानावर ते वस्तीतल्या मुलांना डावपेच शिकवत, आणि हेही.

त्यांची मुलगी मैत्री याच शिस्तीत वाढली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओव्हाळ माठावर ताट पालथं घालून वर वरवंटा ठेवत. बायको आम्रपाली महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, "चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि तुम्ही घरच्या माठावर वरवंटा ठेवा." ओव्हाळ हसत आणि वरवंटा तसाच राही.

मैत्रीला अठरा पूर्ण व्हायला थोडे महिने उरले होते तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीने मुलींसाठी ज्यूदोचं निवासी केंद्र निघालं. राहणं, खाणं, शिक्षण, सराव, सगळं त्यांचं. प्रवेश अठराच्या आतच. मैत्रीने निवडीच्या सगळ्या लढती मारल्या. उरली फक्त शरीरातल्या चरबीची चाचणी, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात. ओव्हाळांनी आयुष्यभर काटाच पाहिला होता. मोजमाप म्हटलं की त्यांनी माठावर वरवंटा ठेवला. आम्रपालीने चोरून दिलेलं पेलाभर ताकही मैत्रीने घेतलं नाही. बाबांना विचार, म्हणाली.

सकाळी ती सुकलेल्या ओठांनी मशीनवर अनवाणी उभी राहिली, त्याच्या दोन मुठी हातांत धरल्या. चरबीचा आकडा मर्यादेपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त आला.

मशीन चालवणारी हेमा नावाची मुलगी होती. मैत्री बूट घालायला बाहेर गेल्यावर तिने ओव्हाळांना विचारलं, हिने पाणी प्यायलं नव्हतं का? मग समजावून सांगितलं. मशीन अंगातून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतं. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो. अंग कोरडं असलं की मशीनला ती चरबीच वाटते. "उद्या हिला नेहमीसारखं पाणी पाजून आणा. मी परत घेते. फक्त श्यामसुंदर सरांना तुम्ही सांगा, पाणी बंद केलं होतं म्हणून."

श्यामसुंदर सर केंद्राचे प्रमुख. बाहेर बाकावर पालकांमध्ये बसले होते आणि थोड्या वेळापूर्वीच सगळ्यांना सांगत होते की वजनाच्या बाबतीत ओव्हाळांना विचारा, त्यांचा हात कोणी धरणार नाही. ओव्हाळ दारापर्यंत गेले. पाणी कमी तर चरबी जास्त, हे त्यांना पटलंही नव्हतं. पटलं असतं तरी मैदानावरच्या इतक्या मुलांना काय सांगायचं होतं? ते सरांना नमस्कार करून पुढे गेले.

जिन्यात मैत्रीने विचारलं, "परत करतील का हो?"

"मशीन खोटं बोलत नाही," ओव्हाळ म्हणाले.

जुलैत तिला अठरा पूर्ण झाली. ज्यूदोचा गणवेश आम्रपालीने धुऊन ट्रंकेत ठेवला. पुढे मैत्री हिंजवडीला एका कंपनीत लागली. पहाटे बस, परतायला दिवेलागण उलटून जायची. रात्री ती भात घेत नसे. आम्रपालीने वाढायला डाव उचलला की ताटावर हात आडवा धरायची. "माझ्या अंगाला लागतो गं. मशीननेच सांगितलंय." ओव्हाळ खाली मान घालून जेवत. बोलायची वेळ रोज येई आणि रोज आमटीभातात कालवली जाई.

चार वर्षांनी तिच्या कंपनीत व्यायामशाळा झाली, आणि तिथे तसलंच मशीन आलं. तिथल्या माणसाने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं, उद्या कोरडे येऊ नका, चरबी जास्त दिसेल.

त्या दिवशी मैत्री हातपाय न धुताच पाटावर बसली. ओव्हाळ जेवत होते.

"बाबा, अंग कोरडं असलं की मशीन चरबी जास्त दाखवतं. तुम्हाला हे कधी कळलं?"

आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. ओव्हाळांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला.

"त्याच दिवशी."

आम्रपालीने गॅस बंद केला.

"चार वर्षं मी भात खाल्ला नाही," मैत्री म्हणाली. आवाज चढला नव्हता. खरकटं उचलावं तसं तिने स्वतःचं रिकामं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

पुढच्या महिन्यात ती दोन मैत्रिणींबरोबर हिंजवडीत खोली घेऊन राहू लागली. रविवारी येते, आईशी बोलते. बाबा पेपर वाचत असतात.

ओव्हाळ अजून मैदानावर जातात. स्पर्धा आली की नवी मुलं विचारतात, सर, पाणी कधी बंद करायचं? ते म्हणतात, आईला विचारा. मुलांना वाटतं, सर चेष्टा करतात. मग ती जाऊन मोठ्या मुलांना विचारतात, आणि मोठ्यांना ते ओव्हाळांनीच शिकवलेलं असतं.