मोगलाईतलं माळवद

आमच्या सोलापुरातल्या गल्लीत हातमागवाल्याचं नशीब टांग्याच्या चाकात अडकलेलं असायचं. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, खळ लावून वाळवायला अख्खी गल्ली लागे, आणि टांगेवाले नि मोकाट बैल जणू त्यावर टपलेलेच. एकदा एक टांगा आमचा ताणा गुंडाळून थेट बार्शीला पोचला. तिथं घोड्यानं लुगडं नेसलेलं बघून बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं म्हणे. त्याच दिवशी बायकोनं बजावलं, "आता एक ताणा तुटला की मी माहेरी. तो पसरायला हक्काची जागा बघा, परमुलखात का असेना!"

परमुलूख आम्हाला लांब नव्हता. सोलापूर इंग्रजांचं, आणि बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर निजामाची मोगलाई. नाक्यावरच्या शिपायानं माझ्या मिशा उचलून पाहिल्या, खाली माल लपवलाय का म्हणून. तेवढ्या होत्याच त्या.

पलीकडच्या गावात दलालानं आम्हा नवराबायकोला आधी गढी दाखवली. "मातीची हाय, पर तोफंला दाद देत न्हाय." भिंतीवरून गाडी हाकावी इतकी ती रुंद, आत जागा मात्र बाजेपुरती. मग गवती छपराचं घर. "लई गार. फकस्त चुलीला भिऊन ऱ्हायचं." शेवटी माळवद. लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत, आणि आत असा गारवा की भर उन्हाळ्यात माझे दात वाजले. विणताना पाय सोडून बसायला मागाखाली खड्डा लागतो, तो खणायला जमीनही झकास. पण बाहेरची गल्ली! समोरून शेळी आली तर माणसानं उलट्या पावली घरात जावं.

बायकोचा चेहरा उतरला. "हितं ताणा कुटं पसरायचा? माज्या डोक्यावर?"

तेवढ्यात खरोखरच डोक्यावर धबधब वाजलं. मी शिडीनं वर धावलो. एक म्हातारी छतावर ऐसपैस मिरच्या वाळत घालत होती.

"आजी, हे घर मी घेतोय. उतरा खाली!"

"घे की बाबा. खालचं घर तुजं. वरनं समद्या आळीची वाट हाय."

दलाल शिडीवरूनच म्हणाला, "भिंती सामाईक, माळवदं जोडल्याली. सांगायचं ऱ्हायलं बगा."

"म्हणजे घर घेणार मी आणि तुडवणार गाव?"

"तुडवलं की माती बसती," म्हातारी म्हणाली. "ज्याच्या माळवदावर कुनी चालंना, त्याच्या ताटात पाऊस पडतो."

मी सोलापूरहून पहिलवानांची फौज आणायची धमकी देत होतो, तोवर बायको वर आली. ती माझं ऐकतच नव्हती. आमच्या छतापासून आळीच्या टोकापर्यंत एकसलग माळवदं पसरली होती. ना बैल, ना चाक.

"आजी, मिरच्या उचलल्यावर हितं सूत पसरलं तर चालंल?"

"पसर की. पयलं लुगडं मला दावायचं मातूर."

व्यवहार झाला. पहिला ताणा आम्ही आळीभर ओढला. खळ लावत कुंचा घेऊन आमच्या इतक्या येरझाऱ्या झाल्या की छताची माती शहाबादी फरशीसारखी बसली, आणि त्या पावसाळ्यात आळीत कुणाच्या घरी थेंब गळला नाही. पुढं तर दुसऱ्या टोकाला कुंचा घेऊन ती म्हातारीच उभी राहू लागली.

आळीच्या टोकाला रस्त्यावरून बैल जायचे. माना वर करून बघायचे. बायको वरून त्यांना म्हणायची, "या की आता!"