नकाशातून कापलेली उत्तर दिशा

"हे कशात केलं, बाई?"

नागपूरच्या वास्तुविशारद साहेबांनी माझा अहवाल दोन बोटांत धरला होता. टेबलाभोवती अकरा माणसं, सगळे पुरुष. मी उभी. मला खुर्ची नव्हती.

मी सांगितलं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलं. इमारत एकात उभी केली, ऊन आणि उष्णता दुसऱ्यात मोजली. दोन्ही कुणालाही उतरवून घेता येतात, आत काय हिशेब चालतो तेही उघडून बघता येतं.

"म्हणजे फोकटचं."

एक जण हसला. मग सगळेच हसले.

"फोकटच्या सॉफ्टवेअरवर सरकारी इमारत उभी राहत नसते. आणि आमच्या नकाशाची दिशा चुकली म्हणता? कशावरून?"

"जागेवर जाऊन आले. सूर्य कुठे मावळतो ते पाहिलं."

"सूर्याला विचारून आल्या!" साहेब म्हणाले. आमचे उपअभियंता साहेबही हसले. अहवाल टेबलाच्या कडेला सरकला. "बरं, जरा चहाचं बघा."

मी चहाचं बघितलं. हे लिहिलंच पाहिजे. शिपाई दारातच बसला होता, तरी मी कॅन्टीनला गेले, ट्रे आणला, अकरा कप ठेवले. बारावा कप नव्हता.

मी सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे. प्रमाणपत्रावर तसंच लिहिलं आहे, बाई असले तरी. भद्रावतीजवळच्या खाणवस्तीत टिनाखाली वाढले. चंद्रपूरला एका सरकारी बांधकाम कार्यालयात कंत्राटावर नकाशे काढते. वय सेहेचाळीस.

फोकट हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा. शाळेत पुस्तकं वाटायच्या दिवशी गुरुजी म्हणायचे, "फोकटवाल्या पोरी, उभ्या राहा." आम्ही सात जणी उभ्या राहायचो. बाकीचा वर्ग बसून बघायचा. पुस्तक हातात पडलं की बसायचं. वसतिगृहात तेच. आयटीआयत तेच. कुणी विचारलं नाही की जातीचं नाव न घेता जात सांगायची ही कुठली पद्धत. मीही विचारलं नाही.

ऑफिसात सॉफ्टवेअरचा खरा परवाना असलेलं एकच मशीन आहे. त्याचा पासवर्ड उपअभियंता साहेबांकडे. म्हणून मी घरी, जुन्या लॅपटॉपवर, दोन वर्षं ही मुक्त साधनं शिकले. सूचना इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर. चुकले, पुसलं, परत केलं. यात फोकट काय होतं ते मला कुणी सांगावं.

आता मूळ गोष्ट. आलापल्लीच्या पुढे एक आश्रमशाळा आहे. तिथे मुलींचं नवं वसतिगृह बांधायचं आहे. नकाशा नागपूरच्या साहेबांचा. माझ्याकडे फक्त कागद आला, मोजमापं पुन्हा काढायला. शीटच्या चारही कडा ब्लेडने कापलेल्या. उत्तरेचा बाण पेनाने काढलेला, सरळ वर. झोपायच्या खोल्यांच्या मोठ्या खिडक्या त्या कागदाप्रमाणे उत्तरेला. छान. पण रस्ताही कागदात वर होता, आणि पूर्वी एकदा मी तिथे गेले होते, मला आठवत होतं की तिथला रस्ता शाळेच्या उत्तरेला नाही.

मी एसटीने गेले. शाळेत स्वयंपाक करणारी मावशी मला जागेवर घेऊन गेली. मी विचारलं, "मावशी, सूर्य कुठी बुडते?"

तिने रस्त्यापलीकडचं मोहाचं झाड दाखवलं. "त्या मोहाच्या मागं. काऊन? तुमच्या कागदात दुसरीकडं बुडते का?"

हो. कागदात दुसरीकडे बुडत होता.

म्हणजे मोठ्या खिडक्यांची भिंत थेट पश्चिमेला. दुपारभर ऊन खाणारी. वर टिन. मावशी म्हणाली, "आत्ताच्या खोल्या बी तशाच हाय. उन्हाळ्यात पोट्ट्या फरशीवर पाणी ओततेत, ओल्या ओढण्या घेऊन झोपतेत. तरी नाई जमलं तर व्हरांड्यात येतेत. मागच्या साली एकीले विंचू चावला. रातभर बोंबलून राह्यली होती."

शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी मावशीच्या हाती दिला. ती तीन आठवडे दिवसातून तीनदा फोन करून आकडा सांगायची. "बाई, पारा चढून राह्यला, आता काच फुटते बहुतेक." त्या गावाचं तासातासाचं हवामान कुठे मिळत नाही. नागपूरचं मिळतं. ते घेतलं, मावशीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, फरक कुठे पडतो ते अहवालात लिहिलं. उत्तर साधं निघालं. आहे त्या नकाशात मुली झोपायला जातात तेव्हा भिंत सर्वांत जास्त तापलेली. तीच इमारत पाव फेरा फिरवली, छताखाली हवेला वाट ठेवली, की खोली झोपण्याजोगी होते. विटा तेवढ्याच. जागाही पुरते.

हेच मी त्या टेबलावर ठेवलं होतं.

दहा दिवसांनी नागपूरच्या साहेबांचा स्वतःचा फोन. आवाज गोड.

"बाई, वरून उष्णतेचा अहवाल मागितलाय. तुमची फाईल पाठवा. आमच्या लेटरहेडवर घालतो. आमच्या मूळ नकाशाची पीडीएफ पाठवलीय, तीवर बसवा. फक्त दिशा आमचीच ठेवा."

"दिशा चुकीची आहे साहेब."

"इमारतीचं तोंड रस्त्याकडेच हवं. उद्घाटनाला माणसं येतात, मागची भिंत दाखवू का त्यांना?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

मी पीडीएफ उघडली. या शीटच्या कडा शाबूत होत्या. चारही कडांवर छापलेलं, केवळ विद्यार्थ्यांच्या वापरासाठी. कॉलेजच्या पोरांना शिकायला फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरवर साहेबांचा धंदा चालत होता. तो शिक्का दिसू नये म्हणून कडा कापायचे. कोपऱ्यात उत्तरेचा खरा बाणही होता. उजवीकडे वळलेला. शिक्क्याबरोबर तोही कापला गेला होता, आणि कुणीतरी पेनाने सोयीचा नवा काढला होता.

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. संताप आला, आणि तो त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. मला अकरा कप आठवले. चोरीच्या सॉफ्टवेअरचा माणूस खुर्चीत बसून मला फोकटची म्हणाला, आणि मी ट्रे घेऊन आले. कारण तो शब्द ऐकला की काय करायचं हे मला लहानपणीच शिकवलं होतं. उभं राहायचं. मिळेल ते घ्यायचं. गप्प बसायचं.

मी फोन लावला. "साहेब, फाईल मिळणार नाही. अहवाल माझ्या नावाने जाईल, खऱ्या दिशेसह. सोबत तुमची पीडीएफ जोडते, कडांसकट."

साहेब म्हणाले, "तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच आहे ना?"

"हो. मार्चपर्यंत."

उपअभियंता साहेबांनी बोलावलं. "बाई, काऊन झंझट करून राह्यल्या? फिरवून द्या ना बाण. एका बाणाचंच तं काम आहे."

"मग तुम्ही फिरवा साहेब, आणि खाली सही करा."

त्यांनी सही केली नाही. बाणही फिरवला नाही. मी अहवाल आवक-जावकच्या खिडकीत दिला, पोचपावती घेतली. दुसरी प्रत मराठीत करून शाळेच्या गावच्या ग्रामसभेत वाचली. मावशीनं गोंडीत सांगितलं, तेव्हा मागच्या बायका पुढे येऊन बसल्या. सरपंचबाईंनी विचारलं, "हे तुमच्याशिवाय कोनी तपासू शकते का?" मी म्हटलं, शकते. सॉफ्टवेअर, फाईल, सगळं शाळेच्या संगणकावर टाकून ठेवलं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा.

मार्च आला. कंत्राट वाढलं नाही. कारण दिलं नाही, मी मागितलं नाही. अहवालाला उत्तर नाही. नकाशा बदलला की नाही, कुणी सांगत नाही. साहेब बैठकीत आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत.

मुली याही उन्हाळ्यात व्हरांड्यात झोपल्या.

पाया आखायला माणसं येतील तेव्हा मावशी फोन करणार आहे. पहिली एसटी पकडून मी जाणार आहे. होकायंत्र, टेप आणि अहवालाची प्रत घेऊन. चुन्याच्या फक्कीची रेघ चुकीच्या बाजूला पडली, तर मी ती पायाने पुसेन. त्यांनी परत मारली, तर परत पुसेन. पोलीस बोलावले, तर त्यांनाही आधी विचारेन, सूर्य कुठे बुडतो ते सांगा, मग मला उचला.

आता मला कुणी उभं राहा म्हणायची गरज नाही.