मुठा वटवाघळांचे एकुलते एक समर्थक

गोपाळकृष्ण रिसबूड यांना टाळी वाजवताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नात सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, तेव्हा हे गृहस्थ भटजींना विचारत होते की पाचवं मंगलाष्टक का गाळलंत. त्यांच्या पत्नी हेमाताई ही हकीकत गेली एक्केचाळीस वर्षं येईल त्याला सांगतात. तर असा माणूस उतारवयात एका क्लबाचा समर्थक झाला. तोही ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबाचा, तोही पुण्यात! आणि त्या क्लबाला दुसरा समर्थक नाही.

आता हा खेळ काय असतो ते एकदाच सांगून टाकू. चेंडू लांबट, पपईएवढा. तो हातात घेऊन पळायचं, पायाने मारायचा, हाताने द्यायचा तर मुठीने ठोकून द्यायचा. समोरच्याच्या खांद्यावर गुडघे रोवून झेल घेतला तरी पंच काही म्हणत नाही, उलट खूश होतो. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण. हा चुकल्याचा एक गुण रिसबूडांना फार भावला. "आमच्या शाळेत बरोबर उत्तराचासुद्धा अर्धा गुण कापत," ते म्हणायचे, "हे लोक चुकल्याचा देतात. एवढी मोठ्या मनाची माणसं एका खंडात मावली कशी?"

विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर ते पर्वती पायथ्याच्या एका शाळेच्या मैदानावर सकाळी फिरायला जात. घरापासून मैदान चालत पाच मिनिटं. चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तो पपईछाप चेंडू त्यांच्या पायाशी येऊन पडला. मागून धापा टाकत अभिनव आला. हा मूळचा वर्ध्याचा, हिंजवडीत नोकरीला. कंपनीने दोन वर्षं मेलबर्नला पाठवलं होतं, तिथून हे वेड घेऊन आलेला.

"काका, बॉल द्या ना जी."

"हा चेंडू आहे? मला वाटलं तुमचा बिघडलाय."

अभिनवने बिचाऱ्याने खेळ समजावून सांगितला. रिसबूडांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नियमावली लेखी आहे का?" होती. त्यांनी ती छापून घेतली, दोन दिवसांत वाचली, लाल शाईने खुणा केल्या आणि पुढच्या रविवारी घडीची खुर्ची घेऊन मैदानावर जाऊन भर सामन्यात पंचाची चूक काढली. पंच म्हणजे अभिनवचा रूममेट. तो त्या दिवसापासून पंचगिरी सोडून निघून गेला.

क्लबाला नाव रिसबूडांनीच दिलं. पोरांना 'पुणे पँथर्स' हवं होतं. "पुण्यात पँथर कोणी पाहिलाय?" यांनी विचारलं. "नदीकाठच्या झाडांवर वटवाघळं मात्र हजारो आहेत. उलटी लटकतात, कर्कश ओरडतात आणि दिवसा काही कामाची नसतात. तुमचा खेळ मी पाहिलाय." झालं, क्लबाचं नाव 'मुठा वटवाघळं' पडलं. मग घटनाही यांनीच लिहिली. लिहिली कसली, आपल्या सोसायटीचे उपविधी समोर ठेवून उतरवून काढली, आणि शेवटी पदरचं एक कलम घातलं की सभेला देहाने हजर राहावं, मोबाइलवरून वर केलेला हात ग्राह्य धरला जाणार नाही.

क्लब कसा चालवावा यावर त्यांची मतं ठाम होती आणि ती न विचारता मिळायची. "समर्थकाचं काम उत्तेजन देणं नव्हे. उत्तेजन आई देते. समर्थकाने असमाधानी राहायचं." "प्रशिक्षक हरल्यावर बदलू नये, जिंकल्यावर बदलावा. हरल्यावर यायला कोणी तयार नसतं." "अध्यक्षाने खेळू नये, खेळाडूने अध्यक्ष होऊ नये. अभिनव दोन्ही करतो, म्हणून दोन्ही वाईट करतो." पण सगळ्यांत लाडकं मत हे, की क्लब घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा. "गाडी करून जावं लागतं त्याला कचेरी म्हणतात." हे मत ते स्वतः पाळत. सामन्याच्या मध्यंतरात घरी जाऊन चहा पिऊन, पाय धुऊन परत येत, आणि तिसरा डाव सुरू व्हायच्या आत खुर्चीत बसून शिव्या द्यायला मोकळे. शिव्या म्हणजे आपल्या पुणेरी बरं का, शब्दकोशात सापडतील अशा. "सूरज, तो खांब हलत नाही. तू हलतोस." अशा.

आणि अशात अभिनवने व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस टाकली. विशेष सर्वसाधारण सभा, बुधवार, संध्याकाळी सहा, स्थळ हिंजवडी. विषय एकच: क्लबाचं मैदान कायमचं हिंजवडीला हलवणे. तिथल्या एका आयटी पार्कने रविवारी सकाळी आपलं हिरवंगार मैदान वापरायला द्यायचं कबूल केलं होतं.

रिसबूडांनी नोटीस तीनदा वाचली. जेवताना त्यांचा घास तोंडाशी थांबला. हिंजवडी! उजव्या गुडघ्याची वाटी झिजलेली, स्कूटर विकलेली, आणि हिंजवडीला जायचं म्हणजे अर्धा दिवस. क्लब तिकडे गेला की यांनी काय करायचं? बागेत त्या बाकावर बसायचं, जिथे चार म्हातारे रोज एकमेकांना साखरेचे रिपोर्ट वाचून दाखवतात. त्या बाकाची त्यांना खरोखर धास्ती होती. आठवड्यातले सहा दिवस ते रविवारसाठीच काढत होते, हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं, पण हेमाताईंना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी डाव टाकला. सभासद तीस. सभेला निम्म्याहून जास्त हवेत, म्हणजे सोळा. पेठांमधली आणि मार्केट यार्डाकडची पोरं, स्वतःला धरून, सतरा. त्यांनी प्रत्येकाला फोन केला, "बुधवारी जायचं नाही. कोणी जायचं नाही. बघू सभा कशी भरवतात ते!" उरले हिंजवडीचे सात आणि मुलींच्या संघातल्या सहा. मुलींना फोन करायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना दोन बस बदलाव्या लागतात, त्या कशाला तिकडे तडफडतील, असं त्यांनी गृहीत धरलं.

बुधवारी सहा वाजता रिसबूड गॅलरीत चहा घेऊन बसले. चेहरा असा, की जणू निवडणूक जिंकलीय.

"गेला नाहीत सभेला?" हेमाताईंनी विचारलं. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या, उत्तरापर्यंत गेल्याशिवाय प्रश्न सोडत नसत.

"गणपूर्तीच होणार नाही. तेराच्या वर माणूस नाही तिथे."

"मग काय होईल?"

"काय व्हायचंय? सभा तहकूब."

"आणि मग?"

"मग घटनेप्रमाणे तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, आणि त्या सभेला गणपूर्तीची..."

रिसबूड थांबले. कपातला चहा बशीत सांडला.

"गणपूर्तीची काय?" हेमाताई म्हणाल्या.

"...आवश्यकता राहात नाही."

"हे कलम कोणी लिहिलं?"

"हेमा, तू गप्प बस."

अरे देवा! पन्नास वर्षं सोसायटीच्या, बँकेच्या, वाचनालयाच्या सभांत घालवली. दर वेळी तहकुबीच्या त्या अर्ध्या तासात बटाटेवडा खाल्ला आणि मग आरामात ठराव पास होताना पाहिले. आणि नेमकं स्वतःच्या घटनेतलं कलम विसरले! त्यांनी सूरजला फोन लावला. सूरज मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर कामाला आणि वटवाघळांचा सगळ्यांत दणकट गडी. दहा मिनिटांत तो मोटरसायकल घेऊन खाली हजर झाला.

"काका, अर्ध्या तासात हिंजवडी? येडं झालंय का कुणी?"

"तू चालव. बोलू नकोस."

चांदणी चौकापर्यंत बरं गेलं. पुढे बाणेरला गाड्या मुंगीच्या पावलाने. वाकडच्या पुलाशी तर सगळं ठप्प. कंपन्यांच्या बसगाड्या एकीला एक चिकटलेल्या, त्यांच्या काचेआड पोरं तोंड उघडं टाकून झोपलेली. रिसबूडांचा गुडघा ठणकत होता, आणि मघाचा चहा आता आपली जाणीव करून देऊ लागला होता.

"काका, एक सांगू का?" हेल्मेटमधून सूरज म्हणाला. "तिकडं गवत हाय. आपल्या मैदानावर पडलं की कोपर सोलून निघतंय."

"तू कोणाच्या बाजूचा आहेस?"

"तुमच्याच. म्हणून तर सोडायला आलोय."

रिसबूडांना एकदम काहीतरी सुचलं होतं. नोटीस आली गेल्याच्या आधीच्या गुरुवारी. सभा आज बुधवारी. त्यांनी सूरजच्या पाठीवर बोटं आपटत दिवस मोजले. दोनदा मोजले. तेरा! घटनेप्रमाणे नोटीस पूर्ण चौदा दिवसांची हवी. सभाच बेकायदा! "सापडला!" ते असे ओरडले की शेजारच्या बसमधला एक झोपलेला पोरगा दचकून जागा झाला. त्यांनी खिशातला कागद काढला, सूरजच्याच पाठीवर ठेवला आणि हरकत लिहून काढली.

पोचायला पावणेआठ झाले. मैदानावर दिवे लागले होते, गवत खरोखर गालिच्यासारखं. मधोमध तेरा जण गोल बसले होते. हिंजवडीचे सात, आणि मुली सहाच्या सहा. ठराव केव्हाच मंजूर झाला होता. अपेक्षा मांडीवर वही घेऊन इतिवृत्त पुरं करत होती. ही क्लबाची चिटणीस आणि मुलींच्या संघाची कप्तान. वाशिमकडची, इथे वसतिगृहात राहून शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करणारी.

रिसबूड लंगडत वर्तुळापाशी आले, उभं राहूनच हरकत वाचली, कलमासकट. "सबब ही सभा आणि तीत मंजूर झालेला ठराव, दोन्ही रद्दबातल."

अभिनवने कपाळाला हात लावला. "काहून असं करता काका? पार्कवाले महिनाअखेरीच्या पुढे थांबणार नाहीत. पुन्हा नोटीस, पुन्हा चौदा दिवस... मैदान गेलं ना जी हातचं!"

"नियम म्हणजे नियम. मी केलेला नाही." मग त्यांना आठवलं. "म्हणजे केलाय. पण आहे."

ते बरोबर आहेत हे सगळ्यांना कळत होतं. रिसबूडांच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवार वाचला होता.

अपेक्षाने पेन खाली ठेवलं. "काका, हरकत लिहून घेते. त्याआधी एक विचारू? आपल्या मैदानावर बाथरूम कुठंय?"

"हे काय विचारणं झालं? आहे की कोपऱ्यात, पिंपळामागे."

"रविवारी त्याला कुलूप असतं."

"मग?"

"मग काय काका. मुलगे भिंतीआड जातात. आम्ही तीन वर्षं रविवारी सकाळी उठल्यापासून पाण्याचा घोट घेत नाही. चार तास खेळतो, मग बसने वसतिगृहावर जातो, मग पाणी पितो. मागच्या मेमध्ये मी चक्कर येऊन पडले होते, आठवतंय?"

रिसबूडांना आठवलं. आठवायचं नव्हतं, तरी आठवलं. ऊन मी म्हणत होतं, ही पोरगी चेंडूमागे धावता धावता खाली कोसळली होती, आणि ते खुर्चीतून ओरडले होते, "उठा बाईसाहेब, झोपायला वसतिगृह दिलंय!" सगळे हसले होते. घरी जाऊन त्यांनी ते हेमालाही ऐकवलं होतं. हेमा मात्र हसली नव्हती.

"तेव्हा तुम्ही नुकतेच मध्यंतरात घरी जाऊन आला होता," अपेक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना. "पाच मिनिटांवर आहे ना तुमचं घर. आम्हाला माहितीय. तुम्हीच सांगता नेहमी."

सहा पोरी. तीन वर्षं. पाच मिनिटांवर त्यांच्या घरात दोन बाथरूम, माठात गार पाणी आणि हेमा, जिने सहाजणींना चहाही दिला असता. क्लबाच्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना मत होतं. खांबांच्या रंगावर होतं, पंचाच्या टोपीवर होतं. आणि ही साधी गोष्ट त्यांनी कोणाला कधी विचारली नव्हती. रिसबूडांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटली असावी, कारण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

त्यांनी हरकतीच्या कागदाची घडी घातली, खिशात टाकली. हे करताना रविवार आपल्या हातून जातोय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण त्याहून तातडीची अडचण वेगळीच होती.

"अपेक्षा," ते म्हणाले, "इथलं बाथरूम कुठे आहे?"

"त्या पायऱ्यांच्या उजवीकडे. उघडंच असतं."

ते गेले, आले. तोवर सगळे तसेच बसून होते. रिसबूड गुडघा सांभाळत, कोणाचा आधार न घेता गवतावर वर्तुळात बसले. खुर्ची मागितली नाही.

"लिही," ते म्हणाले. "श्री. गोपाळकृष्ण रिसबूड यांनी आपली हरकत मागे घेतली."

अपेक्षाने लिहिलं.

"पुढे लिही. मुलींच्या बाबतीत त्यांचं चुकलं. तीन वर्षं चुकलं."

"काका, हे इतिवृत्तात नाही लिहिलं तरी चालेल."

"चालणार नाही. ठराव म्हणून लिही. सूचक मी."

"अनुमोदक?" अपेक्षाने वहीतून मान वर करून विचारलं.

तिचं विचारून व्हायच्या आत मागे मोटरसायकलला टेकून उभ्या असलेल्या सूरजने हात वर केला होता.