हात न मोजलेला ठराव

अकरा वर्षे मी एक गोष्ट कबूल केली नाही. भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत, अध्यक्षाच्या खुर्चीवरून, मी एक पडलेला ठराव मंजूर म्हणून जाहीर केला. तो पडला आहे हे मला स्वच्छ दिसत होते.

ही विद्या मी संसदेकडून घेतली. पोलाद कारखान्यातल्या कारकुनीतून सवड मिळाली की मी अधिवेशनाचे प्रक्षेपण पाहत बसे. "लोकं क्रिकेट पाहतेत, तुमी रिकामी बाकं पाहता," असे पत्नी म्हणे. एकदा दिल्लीत प्रेक्षकांच्या सज्ज्याचा पासही मिळवला. तिथे आम्हाला पायावर पाय टाकून बसायला मनाई होती. शिस्तीचा सगळा साठा वरच्या मजल्यावरच खर्ची पडला असावा, कारण खाली सभागृहात काहीच उरले नव्हते. त्या गोंधळातच पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही. दोन्हीकडून सारखाच आरडाओरडा झाला आणि विधेयक संमत झाले.

कुणी आग्रह धरला तर मते मोजावी लागतात. पण मागणारा आपल्या जागेवर असावा लागतो, अशी तिथली रीत. ज्याचे कुणी ऐकत नाही तोच जागा सोडून पुढे येतो, आणि पुढे आला म्हणून त्याचे ऐकायचे नसते. जागेवर बसलेल्यांना पक्षादेश असतो. समोरच्याचे भाषण पटले म्हणून मत फिरवले, तर सदस्यत्वच जायची भीती. कान हा अवयव तिथे शोभेपुरता.

मला वाटे, मी हे नाक मुरडत पाहतो आहे. मी धडे गिरवत होतो.

आमच्या सभेपुढे ठराव होता वाचनालयाची खोली मांडवाचे सामान आणि भांडी ठेवायला घेण्याचा. त्या खोलीत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एक बौद्ध ताई दर रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवत. आमची मुले मराठी बोलत, तीही घरापुरती. वाचता कुणालाच येत नसे. कार्यकारिणीने आदल्या संध्याकाळी आमच्याच घरी तर्रीपोहे खात ठराव पक्का केला होता. आमचा पक्षादेश तो.

मी होय-नाही विचारले. नाहीचा आवाज मोठा होता, हातही जास्त वर होते. ताई उठून माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊ, हात मोजा न. कावून नाही मोजत?"

"ताई, आधी जागेवर बसा. जागेवरून मागणी करा."

गुडघे धरत त्या तिसऱ्या रांगेकडे वळल्या. त्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आत मी म्हणालो, "होयचे बहुमत. ठराव मंजूर." कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. ताईंच्या घरी दर्शनी कपाटात राज्यघटनेची प्रत होती. मला त्या सगळ्यातली एक पळवाट तेवढी पाठ होती.

त्या खोलीशी मला काही देणेघेणे नव्हते. खुर्चीत बसून 'मंजूर' म्हणण्याची हौस होती, इतकेच. वर्ग ताईंच्या रिसाली भागातल्या घराच्या व्हरांड्यात गेला. तिथे मुले कमी होत गेली आणि एका उन्हाळ्यानंतर तो बंद पडला. माझी धाकटी मुलगी बाराखडीच्या निम्म्यावर होती. आज ती मला हिंदीत पत्र लिहिते.

यंदाच्या सभेत ताई काठी टेकत आल्या. मी उभा राहून त्या जुन्या ठरावावर बोलायची परवानगी मागितली. "काका, हे विषयपत्रिकेत नाही," नवे अध्यक्ष म्हणाले. मी बोलू लागलो, आणि बोलतानाही संसदीयच राहिलो: "त्या काळात प्रक्रियेत काही उणिवा राहिल्या असतील, त्याबद्दल खेद..."

"कोणाच्या हातून राहिल्या जी?" ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "नीट सांगा न!"

मागे कुणीतरी हसले.

"माझ्या हातून, ताई," मी म्हणालो. "ठराव पडला होता. मले दिसत होतं. तुमचा वर्ग मी खोटं बोलून बंद पाडला. मले माफ करा."