पहाडी शिकाऱ्याचा फोटो

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कारखान्यात माझ्याशेजारच्या लेथवर एक वयस्क अमेरिकन कारागीर होते. जेवणाच्या सुट्टीत ते दीडशे वर्षांपूर्वीच्या पहाडी शिकाऱ्यांवरचं मासिक वाचत आणि चित्रातली बंदूक त्या काळाशी जुळली नाही की संपादकांना खरमरीत पत्र धाडत. स्वतः घडवलेली ठासणीची बंदूक त्यात छापून यावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. एकदा ती आली. फोटोत ते बंदूक धरून, हरणाच्या कातड्याचा अंगरखा घालून उभे होते, आणि मनगटावर चकचकीत घड्याळ.

घड्याळ दिसताच त्यांनी संपादकांना पत्र लिहायला कागद ओढला. माझं अक्षर बरं, म्हणून पेन मला दिलं.

"लिही, कॉलेजवाल्या. या गाढवाला सूर्य बघून वेळ कळत नाही वाटतं."

"पण सर, फोटो तुमचाच आहे."

"म्हणूनच. पुढे लिही, याला परत छापू नका."

ते शेवटचं वाक्य तेवढं मी गाळलं.