पुलावरची उडी

आत्याचा डावा गुडघा वाकत नसे. मूकपटांच्या जमान्यात, दर आठवड्याला एक भाग लागणाऱ्या एका साहसपटात नटीच्या जागी तिने पुलावरून धावत्या मालगाडीवर उडी मारली होती, तेव्हापासून. पोस्टरवर नाव नटीचं, शिट्ट्याही नटीलाच. तो भाग लागला तेव्हा आत्या इस्पितळात होती. तिने तो पाहिलाच नाही.

पुढे कंपनी बुडाली. मालकाने सगळी रिळं कंगव्याच्या कारखान्याला विकली. तिथे त्यांचं सेल्युलॉइड उकळून, खरवडून कंगवे केले गेले. उडीचं तेवढं रीळ धाकट्या भावाने वाचवलं. तो त्याच चित्रपट कंपनीत कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा. "ताई, तुझा चेहरा आरशासारखा स्वच्छ आलाय," म्हणाला आणि हवा लागू नये म्हणून त्याने डबा मेणाने बंद केला.

भाऊ गेला. त्याच्या मुलाच्या घरी उडी हा थट्टेचा विषय झाला.

"आत्या, बस भरलेली असली तर टपावर उडी मार हं!"

आत्या थट्टा गिळून टाकायची. पलंगाखाली डबा होता. तो उघडेल तेव्हा सगळ्यांचे दात घशात जातील.

एके दिवशी जुने चित्रपट जमवणाऱ्या संग्रहालयाचा माणूस आला. मेण पाहून त्याचा चेहरा पडला. सुरीने झाकण उचकटलं मात्र, घामट मोज्यांचं गाठोडं सोडावं तशी दुर्गंधी खोलीभर पसरली. भाच्याची बायको तोंड दाबून मोरीकडे धावली. डब्यात तपकिरी, बुडबुडे आलेला चिकट लगदा होता. तो ओघळून फरशीवर सांडला.

"फिल्मला हवा लागते, आजी. मेणाने ही गुदमरली."

लगद्याच्या पोटात वीतभर तुकडा शाबूत निघाला. त्याने तो पुसून खिडकीशी धरला, भिंग लावलं.

"आहे! उडी आहे!"

आत्या वाकली. पूल, धूर, हवेत एक बाई. पाठमोरी. पुढच्या चित्रातही पाठ. त्याच्या पुढेही पाठच.

"असंच घ्यायचे," माणूस म्हणाला. "बदली बाईचा चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा मुद्दाम मागे लावायचे."

दांडा भावाच्याच हातात होता. चेहरा आलाच नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आत्याने भिंग बाजूला सारलं.

"म्हणजे ही कुणीही असू शकते की!" भाचा हसला.

"नोंदीला नाव काय लावू, आजी?"

"नटीचं लावा. आणि आधी ही घाण उचला माझ्या घरातून."

तो गेल्यावर तिने बादली ओढली आणि डावा पाय सरळ लांब करून फरशीवर बसकण मारली. खसाखसा घासू लागली. वास हलेना.

"आत्या, पाय घे ना, आडवा येतोय," भाचा म्हणाला.

"ओलांडून जा," आत्या म्हणाली.